जनरलसाहेबांचा सैल कोट

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून पाऊण तासाच्या ड्राइव्हवर आमचं युद्ध-म्युझियम आहे. तिथे कधी आलात, तर शेवटच्या दालनात एका फ्रेंच जनरलचा खाकी कोट दिसेल. खांद्यांवरून ओघळलेला, पाठीत चुण्या पडलेल्या, गळ्याशी चांगली दोन बोटं जागा सुटलेली. बघणारे कुजबुजतात, की यांना कोट नीट बसवणारं माणूस मिळालं नाही वाटतं. मिळालं होतं. ते माणूस म्हणजे मी. चापूनचोपून बसवायला लागले असते त्याच्या चौपट कष्ट मला तो कोट असा बेंगरूळ दिसावा म्हणून लागले, आणि त्यावरून झालेली भांडणं वेगळीच.

महाराष्ट्र मंडळाच्या या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या करिअरबद्दल लिहा’ असं सांगितल्यापासून मी अस्वस्थ आहे. एक तर मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानासुद्धा मधूनच उठून मी पडद्यांच्या चुण्या सरळ करून येते. आणि दुसरं म्हणजे, मी करते काय हे सांगितलं की मंडळातल्या बायका आधी हसतात आणि मग विषय बदलतात. मी बिनडोक्याची माणसं बनवते.

म्युझियममध्ये जुना कपडा ठेवायचा तर त्याच्या आत शरीर लागतं. दुकानातला पुतळा चालत नाही, कारण तो आजच्या मापाचा असतो आणि कपडा शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाचा तरी. पुतळ्यावर कपडा ओढून बसवला तर शिवणी उसवतात, सैल सोडला तर कापड स्वतःच्याच वजनाने हळूहळू फाटतं. म्हणून प्रत्येक कपड्यासाठी नवीन धड घडवायचं. आत फोमच्या चकत्या, त्यावर कापसाचे थर, त्यावर मऊ सुती आवरण. टाचणी लावायची नाही. कपडा सारखा घालून-काढून बघायचा नाही, प्रत्येक वेळी त्याचं आयुष्य कमी होतं. कपड्याला आतून मापायचं आणि मनातल्या मनात माणूस उभा करायचा. माणूस कधीच गेलेला असतो, त्यामुळे तो तक्रार करत नाही. त्याचे नातेवाईक करतात.

एका कर्नलच्या पत्नीने मला ठणकावलं होतं, “माझ्या नवऱ्याला पोट नव्हतं.” कोट तर ओरडून सांगत होता, होतं. एक निवृत्त वैमानिक स्वतःचाच गणवेश बघायला आले. त्याच्यासमोर उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच पोट आत ओढलं. मी खांबामागे जाऊन हसून घेतलं. शाळेच्या सहलीतली मुलं एकच प्रश्न विचारतात, डोकं कुठे आहे? डोकं आम्ही लावत नाही. चेहरा लावला की लोक चेहराच बघतात, कपडा बघत नाहीत.

या कामात मी शिरले ती शिकून नव्हे. मिलिंदच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि डिपेंडंट व्हिसावर मी घरात अडकले. नोकरीला बंदी, हातांना काम नाही. मग मंडळाच्या नाटकांचे कपडे शिवले, आणि तेही पुरेना तेव्हा म्युझियममध्ये फुकट राबायला जायला लागले. तिथे एका खलाशाचा शर्ट पुतळ्यावरून सारखा घसरायचा. मी मागून खांद्यांना कापूस लावला, छातीला थोडा उठाव दिला, आणि शर्ट बसला. आमचे क्युरेटर डेव्ह म्हणजे म्युझियममधल्या सगळ्या वस्तूंचे कारभारी. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलीस? त्यांना काय सांगणार! नागपूरला आमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या करतात. वर मुखवटा, खाली कापडी धड. त्याला कोथळा म्हणायचं. त्यात भरायचं, त्याला आकार द्यायचा आणि वर साडी अशी नेसवायची की येणाऱ्या बाईने म्हटलं पाहिजे, अगदी श्वास घेताहेत गं. माझ्या सासूबाईंचा दंडक होता: माहेरवाशिणी घरी आल्यात, भरल्या अंगाच्या दिसल्या पाहिजेत. खप्पड महालक्ष्मी त्यांना खपत नसे. एकदा मी नेसवलेली साडी त्यांनी सोडायला लावली होती, कारण कंबर बारीक दिसत होती. पुढे व्हिसा बदलला, मी रीतसर कोर्स केले, नोकरी मिळाली. पण हात तिथलेच राहिले.

आता जनरलसाहेब.

त्यांच्या मुलीने, मादाम क्लेअरनी, एक जुनी पेटी आणून दिली. फ्रान्समध्ये नेमणुकीवर असलेल्या अमेरिकन सैनिकाशी लग्न करून त्या इकडे आल्या, कॅरोलिनातच राहिल्या, आणि आता नव्वदी ओलांडल्यावर मुलाकडे, पार पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला कायमच्या जायला निघाल्या होत्या. घर रिकामं होत होतं. बाई वॉकर घेऊन चालायच्या, पण एका जागी थांबायच्या नाहीत. बोलता बोलता माझ्या टेबलाभोवती फिरायच्या. मला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या.

पेटीत दोन कोट होते, एक निळा, एक खाकी. त्या दोघांत एका माणसाची सगळी नोकरी मावली होती. निळा पहिल्या महायुद्धातला, तरुण लेफ्टनंटचा. इतका चिंचोळा की बाळसंच धरलं नसेल अजून. डाव्या खांद्यावर भोक, आणि आतून कुणीतरी घाईघाईने केलेलं रफू. तोफगोळ्याचा तुकडा लागला होता. नंतर साहेब आफ्रिकेत राहिले, लष्करी शाळेत शिकवलं, लग्न उशिरा केलं, वर वर चढत गेले आणि रुंदही होत गेले. खाकी कोट दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर शिवलेला. बाहीवर जनरलचे दोन तारे, पोटाशी ऐसपैस. चाळीस साली फ्रान्स पडलं, त्यांच्या फौजेला वेढा पडला, दारूगोळा संपला आणि साहेबांनी शस्त्रं खाली ठेवली. पुढची पाच वर्षं जर्मनीतल्या एका किल्ल्यात कैदेत. सुटून आल्यावर सरकारने त्यांना दोषही दिला नाही आणि मानही दिला नाही, निवृत्त केलं. मग गावी जाऊन घेवड्याचे वेल लावले. एका युद्धात शौर्यपदक आणि दुसऱ्यात शरणागती, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर. ते तो जेवणाच्या टेबलावर कसं मांडत असेल, हा विचार मला कोट मापताना सारखा सतावायचा.

“मला त्यांना एकदा उभं बघायचंय,” मादाम क्लेअर म्हणाल्या. “रेडमंडला गेले की मी परत येणार नाही. उगाच तसं म्हणू नका.”

डेव्हने मला एक फोटो दिला. युद्ध सुरू झालं तेव्हाचा. तारे, मिशा, भारदस्त पोट. म्हणाले, “हा माणूस बनव.” मी बनवला. कोटाचं अस्तर तपासताना काही गोष्टी दिसल्या होत्या. पाठीत उभ्या चुण्यांच्या जुन्या रेघा होत्या, जणू मागून कापड मुठीत धरून पट्ट्याखाली कोंबलेलं. खांद्याच्या पात्यांपाशी अस्तर झिजून जाळी झालेली. सोबतच्या पट्ट्याला अगदी आत, हाताने पाडलेलं वेडंवाकडं भोक. नोंद केली आणि पुढे गेले. चुणी दिसली की ती भरून काढायची, एवढंच माझ्या हातांना कळतं. थरावर थर दिले, छाती पुढे आली, पोट भरलं, चुण्या गेल्या. साहेब असे उभे राहिले की सलाम ठोकावा.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना फोनवर फोटो दाखवला.

“बाप्पा! कोण गं हा?” त्या म्हणाल्या. “चांगलं खातंपितं घर दिसतंय. छान भरलायस.”

मी खूश.

दुसऱ्या दिवशी मादाम क्लेअर आल्या. दाराशीच थांबल्या. इतका वेळ स्थिर राहिलेलं मी त्यांना पाहिलंच नव्हतं. मग म्हणाल्या, “हा फोटोतला माणूस आहे.”

“हो, फोटोवरूनच...”

“फोटोतल्या माणसाला मी ओळखते. रोज रात्री आई मला त्याला गुड नाइट म्हणायला लावायची. मला तो नकोय.”

मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. टेबलाभोवती फिरतच त्यांनी सगळं सांगितलं. वडील लढाईवर गेले तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. वडिलांचा चेहरा आठवत नव्हता, भिंतीवरचा फोटो आठवत होता. युद्ध संपलं, दारावर थाप पडली, अकरा वर्षांच्या मुलीने दार उघडलं. समोर एक हडकुळा माणूस उभा. अंगात त्यांच्या वडिलांचा कोट, पण कुणाकडून तरी मागून आणल्यासारखा. त्याने हात पसरले. मुलगी किंचाळली, आणि पळाली.

“मी स्वयंपाकघराच्या दारामागे लपले. आईने त्यांना सूप वाढलं. ते जेवत होते आणि मधूनच इकडेतिकडे बघून पाव कोटाच्या खिशात टाकत होते. स्वतःच्याच घरात. मी फटीतून सगळं बघत होते. ते मला बोलवत होते. मी गेले नाही. कितीतरी दिवस गेले नाही.” त्यांनी टेबलाला आणखी एक फेरी घातली. “पुढे ते परत जाड झाले. आम्ही खूप हसलो, भांडलो, माझं लग्न त्यांनी लावून दिलं. पण त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. मला त्या माणसाकडे जायचं राहिलंय, मीना. त्या बारीक माणसाकडे. हा पोटवाला मला काय करायचाय?”

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. स्वतःचाच. कोटाने मला सगळं सांगितलं होतं. पाठीतल्या त्या चुण्या, ते झिजलेलं अस्तर, ते भोक. पाच वर्षांची उपासमार मी कापूस घालून बुजवली होती, आणि वर फोटो काढून घरी दाखवला होता.

डेव्हकडे गेले. ते माणूस भले, पण पुराव्याशिवाय पाणी पिणार नाहीत.

“बारीक असतानाचा फोटो आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही. कोट आहे.” मी अस्तराचे फोटो त्यांच्यासमोर मांडले.

त्यांनी एकेक फोटो दिव्याखाली धरून पाहिला. “ठीक आहे, तो बारीक झाला होता. पण सैल कापड लोंबून फाटतं, हे तूच मला शिकवलंस.”

“सैल दिसेल. आतून प्रत्येक घडीला मऊ गुंडाळ्यांचा आधार देते. लोंबणार नाही.”

“आणि लोक? दोन युद्धं लढलेला जनरल उसना कोट घालून उभा आहे असं दिसेल.”

“दोन युद्धं लढून घरी आला तेव्हा तो तसाच दिसत होता.”

आवाज चढले. मी दार आपटलं, ते मला शोभलं नाही, पण आपटलं. तासाभराने डेव्ह माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, “कर. शनिवारी तिचं फ्लाइट आहे ना? त्याआधी तिला दाखव. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला काय ठेवायचं ते मी नंतर ठरवीन.”

घरी मिलिंदला सांगितलं. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, “अगं, इतकं इमोशनल काय व्हायचं? क्लायंटची रिक्वायरमेंट घे, डिलिव्हर कर, साइन-ऑफ घे.”

“पण क्लायंट कोण यार? डेव्ह, की ती बाई, की तो कोट?”

त्याने लॅपटॉप बंद केला. “साइन-ऑफ कोण देणार?”

“ती.”

“मग झालं की.”

सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मी छान भरलायस म्हटलं होतं ना? ते मी परत घेते बाई.”

पण हात ऐकेनात. नवं धड सुरू केलं. फोमच्या चकत्या कापून बारीक केल्या, फासळ्यांचा पिंजरा खोल केला, खांदे पुढे झुकवले. कापूस लावताना मात्र बोटं आपोआप एक थर जास्त द्यायची. जरा खांद्याला, जरा छातीला, एवढंसं. बाजूला होऊन बघावं तर साहेब पुन्हा बरे दिसायला लागलेले. काढायचं, परत लावायचं. जेवायला उठायचे, दोन घास खाऊन परत जायचे. माणसाला भरणं माझ्या अंगवळणी पडलं होतं, रिकामं करणं कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी थर न शिवता नुसते दाबून ठेवले. म्हटलं, ज्यांनी पाहिलंय त्यांनाच विचारू.

शुक्रवारी सकाळी म्युझियम उघडायच्या आधी मादाम क्लेअर आल्या. निळा कोट एका बाजूला ताठ उभा होता. खाकी कोटासमोर त्यांनी वॉकर थांबवला.

“जवळ आलीस,” त्या म्हणाल्या. “पण आणखी बारीक.”

मी हातमोजे घातले, बटणं सोडली आणि छातीवरचा एक थर काढला. कोट किंचित खचला.

“आणखी.”

पोटावरचा काढला. खांद्यावरचा काढला. कापसाचा ढीग माझ्या पायाशी पडत गेला. एवढ्या वर्षांत कपड्याच्या मालकाच्या घरच्यांनी मला ‘आणखी काढ’ म्हटलेलं हे पहिलंच. सगळ्यांना आपलं माणूस थोडं बरं हवं असतं. वाटत होतं, मी एका आजारी माणसाच्या अंगावरची पांघरुणं काढतेय.

“मादाम, आणखी काढलं तर कोट खाली बसेल.”

“गळ्याशी. थोडंसं. त्यांची मान कॉलरमध्ये हलायची.”

गळ्याचा थर काढला. कॉलर सुटली, पाठीतल्या चुण्या जुन्या रेघांवर आपसूक जाऊन पडल्या. मी काहीच केलं नाही, कापडच तिथे गेलं. मी घडीखालच्या गुंडाळ्या सारख्या केल्या, बटणं लावली आणि बाजूला झाले.

“थांब,” त्या म्हणाल्या. “हेच.”

डेव्ह केव्हातरी दारात येऊन उभे राहिले होते. मला वाटलं बाई रडतील. मी रुमालसुद्धा काढून ठेवला होता. पण त्या नुसत्या बघत होत्या, मान तिरकी करून, आपण दुसऱ्याच्या पोराकडे बघतो तशा.

“किती लहान आहे हा,” त्या म्हणाल्या. “पंचावन्न. माझा मुलगा याच्याहून दहा वर्षांनी मोठा आहे.”

मग त्या वॉकर ढकलत पुढे गेल्या. समोर लावलेल्या दोरीच्या अलीकडे थांबल्या नाहीत, दोरी वॉकरनेच ढकलत अगदी कोटाशी गेल्या. हात लावू नका, हे वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणते त्याला गणती नाही. तेव्हा ते माझ्या तोंडून निघालं नाही, आणि डेव्हच्याही नाही. त्यांनी हात लावलाही नाही. फक्त खाली वाकून, कोटाच्या खिशाजवळ तोंड नेऊन त्या फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या. एकच छोटं वाक्य, विचारल्यासारखं. उत्तरासाठी थांबल्यासारख्या जरा थांबल्या, आणि वळल्या.

मला फ्रेंच येत नाही. गाडीपर्यंत त्यांना सोडायला गेले तेव्हा न राहवून विचारलंच, काय म्हणालात त्यांना?

गाडीचा पट्टा लावता लावता त्या म्हणाल्या, “विचारलं, काही खाल्लंस का?”